नावेखालची बाई

आमच्याकडे जंगलात चार तळी आहेत, एकामागे एक. पाण्याने ती कुठेच जोडलेली नाहीत. एका तळ्याचं टोक आलं की उतरायचं, नाव डोक्यावर घ्यायची, झाडांमधून चालत पुढच्या तळ्याशी न्यायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची. या चालण्याच्या पट्ट्यांना आम्ही उचलवाटा म्हणतो. पहिली छोटी आहे, तिसरी सपाट आहे. मधली मात्र नऊशे पावलांची, चढाची आणि मुळांनी भरलेली. शहरातले पाहुणे दिवसभर वल्हवायला तयार असतात, पण मधल्या वाटेशी आले की प्रत्येकाला काही ना काही जुनं दुखणं आठवतं.

तिथे ही बाई नाव उचलायची. सव्वीस वर्षं उचलली.

मी पहिल्या तळ्याच्या काठी लाइफ जॅकेटं वाटायच्या खिडकीत बसायचे, म्हणून हे सगळं मला जवळून ठाऊक आहे. जवळून म्हणजे किती जवळून, तेही सांगेन.

नावा भाड्याने द्यायचा धंदा तिच्या थोरल्या दिराचा. आम्ही सगळे त्याला थोरलेच म्हणायचो. ती लग्न होऊन आली तेव्हा नावा उचलण्याचं काम तिच्या नवऱ्याकडे होतं. दुसऱ्या मोसमात एकदा मधल्या चढावर तो दगडावर बसला, कमरेला हात लावला आणि म्हणाला, "आज तू घे गं. माझी कंबर धरलीय." तिने घेतली. नवऱ्याची कंबर चार दिवसांत सुटली, पण नावेखाली तो परत कधी गेला नाही. शेकोटीभोवती पाहुण्यांबरोबर नाचताना मात्र ती कंबर कधी आड आली नाही.

नवऱ्याला गमत्या म्हणत. माणूस वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. त्याच्याशी दोन मिनिटं बोललेला माणूस हसल्याशिवाय जायचा नाही. वल्ही खांद्यावर टाकून तो पुढे चालायचा आणि मागून येणाऱ्या बायकोकडे बोट दाखवायचा. "हे आमचं घर. छपरासकट चालतं." नाहीतर, "लोक लग्नानंतर घर बांधतात. मला आयतंच मिळालं." उपडी नाव डोक्यावर असली की तिचे फक्त पाय दिसायचे, तेवढ्यावरून त्यानेच तिला कासव म्हणायला सुरुवात केली. वर्षभरात तिचं खरं नाव मलाही आठवेनासं झालं. हजेरीच्या वहीतसुद्धा थोरल्यांनी कासव असंच लिहिलं होतं.

नावेखालून माणसाला दोन हात जमीन दिसते, बाकी काही नाही. ती पाहुण्यांना बुटांवरून ओळखायची. "तो तपकिरी बुटांचा होता ना, नाडी सुटलेला, तो सगळ्यात जास्त हसला," असं संध्याकाळी मला सांगायची. तीही टोले द्यायची, पण नावेखालचं बोलणं मडक्यात बोलल्यासारखं घुमतं. बाहेरच्यांना नुसता घों घों आवाज यायचा, आणि त्यालाही ते हसायचे.

तिला गरीब गाय समजू नका. आपल्या मानेचा तिला भारी ताठा होता. जुनी लाकडी नाव, चौतीस किलोंची, ती एकटी उचलायची आणि चढावर कुठेही टेकायची नाही. जो टेकला तो तिच्या लेखी संपला. तिची एकुलती एक मुलगी चौदा वर्षांची झाली तेव्हा हिने पाहुण्यांसमोरच तिच्या खांद्यांवर नाव ठेवली. पोरगी वीस पावलांवर कोसळली. आई म्हणाली, "बापावर गेलीय. मानेच्या जागी काडी बसवलीय हिला." पाहुणे हसले, बापही हसला. मुलगी कपडे झटकून उठली. चार वर्षांनी शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळाली तशी निघून गेली, ती मोसमातून एकदाच यायची.

शर्यतीची कल्पना थोरल्यांची. मोसम उघडतो त्या दिवशी मधल्या उचलवाटेवर कासवाशी शर्यत. पाहुण्यांनी दोघांत मिळून एक नवी, हलकी नाव न्यायची, तिने एकटीने जुनी लाकडी. हरलेल्यांना कासवाचं चित्र असलेली हिरवी टोपी. अकरा वर्षं शर्यत झाली आणि अकराही वर्षं तीच जिंकली. वरच्या टोकाला नाव उतरवून ती मुळावर पाय पसरून बसायची, आणि धापा टाकत येणाऱ्या जोडीला विचारायची, "दोन बाप्ये मिळून एक नाव, मग धापा का वेगवेगळ्या?" वर्षातून तेवढा एकच दिवस तिचं बोलणं लोकांना ऐकू यायचं.

पण अकरा वर्षांत लोकांना कंटाळा आला. दरवर्षी हरायला कोण येईल? बाराव्या वर्षी सहाच जोड्यांनी नोंदणी केली. थोरल्यांनी तिला बोलावून सांगितलं, "यंदा जरा हळू चाल."

"हळूच चालते मी, भाऊजी," ती म्हणाली. "ते मागे पडतात त्याला मी काय करू?"

"म्हणजे हरायचं, असं म्हणतोय मी."

"ते मला येत नाही."

त्याच आठवड्यात मोसमाआधीच येऊन राहिलेल्या पाहुण्यांमध्ये एक हाडांची डॉक्टरीण होती. सकाळी ओसरीवर चहा चालला होता. गमत्याची बायको कप दोन्ही मनगटांत धरून प्यायची. बरेच महिने तशीच पीत होती, आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं. उठून जवळ आल्या, तिची बोटं दाबून पाहिली, डोळे मिटायला लावून कुठलं बोट धरलंय ते विचारलं. तिने तीनदा चुकीचं सांगितलं.

"बोटांना मुंग्या येतात?"

"मुंग्या कसल्या, वारूळच आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मानेचे मणके झिजून आतली नस दाबली जातेय. आजपासून डोक्यावर काही घ्यायचं नाही. एक जोराचा धक्का बसला तर हात जातील, कदाचित पायही. कळतंय का मी काय म्हणतेय?"

ओसरी गप्प झाली. गमत्याला गप्पपणा कधी सोसायचा नाही. तो म्हणाला, "डॉक्टर, आधी मान कुठेय ती दाखवा. मी सव्वीस वर्षं शोधतोय."

सगळी ओसरी हसली. मी हसले. मला नीट आठवतं, तीही हसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई गेल्या. जाताना थोरल्यांच्या हातात चिठ्ठी देऊन गेल्या. त्यांनी ती वाचली आणि कचेरीतल्या खिळ्याला लावून ठेवली, चाव्या टांगतात त्याच खिळ्याला.

ती थोरल्यांकडे गेली खरी. "भाऊजी, यंदा मला नको. हातातून वस्तू पडतात माझ्या."

"फलक लागलेत. आता कसं नाही म्हणू? ही शेवटची. पुढच्या वर्षी तुला खुर्चीत बसवतो."

"शेवटची नक्की?"

"नक्की."

"मग जिंकूनच थांबेन," ती म्हणाली. तेवढं म्हणाली नसती तर पुढचं झालं नसतं, असं थोरले नंतर लोकांना सांगायचे.

शर्यतीच्या आदल्या दुपारी मी गमत्याला काठावर कॅनव्हासच्या पिशवीत ओली वाळू भरताना पाहिलं. विचारलं, "काय हो, घर बांधताय की काय?"

"छपराला पाया घालतोय," तो म्हणाला. मी हसले आणि माझ्या खिडकीत परत आले.

शर्यत सकाळी नऊला सुटली. वाटेच्या दोन्ही बाजूंना पाहुणे उभे होते, आम्ही कामाची माणसंही खिडक्या बंद करून तिकडे गेलो होतो. गमत्या वर एका बुंध्यावर कर्णा घेऊन उभा होता. तिने नाव उचलली आणि नावेचं पुढचं टोक खाली झुकलं. तिने ते मागे दाबून सरळ केलं. पुढे तिने मला सांगितलं, "मला वाटलं, म्हातारपण काल रात्री येऊन बसलं." नाव खाली ठेवून आत पाहावं असं तिला वाटलं नाही. टेकायचं नाही हा तिचाच नियम.

पहिली तीनशे पावलं ती सगळ्यांच्या पुढे होती. मुळांच्या पायऱ्या लागल्या आणि तिचा गुडघा दुमडला. नावेचं जड टोक जमिनीवर आदळलं, खांद्यावरची आडवी फळी मागून मानेवर बसली आणि नाव तिच्यावर पालथी पडली. बाहेरून पाहणाऱ्याला उपडी नाव आणि तिच्याखालून बाहेर आलेल्या दोन टाचा, एवढंच दिसत होतं.

लोकांचा असा हशा उठला की झाडांवरचे पक्षी उडाले. गमत्या कर्ण्यातून म्हणाला, "कासव आत गेलं. टिचकी मारून बघा कुणीतरी."

कुणीतरी खरंच टिचकी मारली. एकाने नावेवर पाय ठेवून फोटो काढून घेतला, मग त्याच्या बायकोने घेतला. मागून येणाऱ्या जोड्या तिला वळसा घालून वर गेल्या. पहिली जोडी पोचल्यावर टाळ्या झाल्या. मी पंधरा पावलांवर उभी होते. मीही वाजवल्या. हे सगळं किती वेळ चाललं ते नंतर त्या फोटोंवरून कळलं. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत सहा मिनिटांचं अंतर होतं.

मुलगी त्या दिवशी शहरातून आली होती. पोचायला उशीर झाला म्हणून ती खालून वाट चढत येत होती. तिने टाचा पाहिल्या. त्या हलत नव्हत्या. फोटोवाल्याला ढकलून तिने नाव उलथली. नाव कुशीवर आली तशी आतून पुढच्या फळीखाली बांधलेली पिशवी लोंबायला लागली. तिच्या शिवणीतून वाळूची बारीक धार पडत होती. सगळ्यांनी ती पाहिली. कर्णा बंद झाला.

तिचे डोळे उघडे होते. तोंडात माती गेली होती. मुलगी खाली वाकली तेव्हा तिने विचारलं, "कोण पुढे गेलं?"

इस्पितळात पाच आठवडे गेले. पाय हळूहळू परत आले, धरून धरून चालण्याइतके. हात आले नाहीत. कोपरापासून खाली ते तिचे नव्हतेच जणू. चौकशीला माणूस आला तेव्हा पाहुणे पांगले होते, मुलगी इस्पितळात होती, आणि थोरल्यांनी कागद तयार ठेवला होता. पाय घसरून पडली, नावेत काही नव्हतं. पिशवी त्यांनी त्याच दुपारी तळ्यात रिकामी केली होती. कागदावर आम्हा पाच जणांच्या सह्या आहेत. तिसरी माझी आहे. माझ्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं.

नवव्या दिवशी मुलीने तिला पिशवीचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाठ कसली होती?"

"दुहेरी. मागे फास."

"मग यांचीच."

मुलगी म्हणाली, "माझ्याकडे चल." ती नाही म्हणाली. माझं घर आहे, मी माझ्या घरी जाणार. तशी ती नावांच्या शेडमागच्या दोन खोल्यांत परत आली. गमत्या तिला भरवायचा, तोंड पुसायचा, शर्टाची बटणं लावायचा. मनापासून करायचा हो, खोटं कशाला बोलू? आणि घास देता देता खिडकीतून जाणाऱ्या पाहुण्यांना म्हणायचा, "बघा, सव्वीस वर्षांनी बायको हातात आली." ती तोंड उघडायची, घास घ्यायची, चावायची. त्याला एक शब्द बोलली नाही. त्याच महिन्यात थोरल्यांनी नावा ओढायला दोन चाकांच्या गाड्या आणल्या. एक शाळकरी पोरही नाव ओढून नेऊ शकेल अशा. मी विचारलं, या कधी निघाल्या? म्हणाले, "पंधरा वर्षं झाली असतील. कुणी मागितल्या नाहीत, म्हणून आणल्या नाहीत."

पुढचा मोसम उघडला. थोरल्यांनी शब्द पाळला, मधल्या वाटेच्या पायथ्याशी तिला खुर्चीत बसवलं. डोक्यावर हिरवी टोपी घातली. हात मांडीवर ठेवून दिले होते, ते ठेवले तसेच पडून राहिले. गमत्याने कर्ण्यातून तिची ओळख करून दिली, अकरा वेळा जिंकलेली, बाराव्या वेळी झोपलेली. मग कर्णा तिच्या तोंडासमोर धरला. "बोल. दोन शब्द बोल."

ती वर्षभराने त्याच्यासमोर बोलली. आवाज मोठा आणि स्वच्छ होता, मागच्या रांगेपर्यंत पोचला.

"नावेच्या पुढच्या फळीखाली वाळूची पिशवी होती. या माणसाने बांधली होती, मी हरावं म्हणून. माझी मान गेलीय हे याला ठाऊक होतं."

 मग कुणीतरी हसलं, आणि सगळे हसले. नवराबायकोची जोडी विनोदी आहे असं पत्रकात छापलेलंच होतं.

"मी खरं सांगतेय," ती म्हणाली.

आणखी हशा झाला. एक बाई डोळे पुसत होती. ती लोकांकडे पाहत राहिली. आता नाव मध्ये नव्हती, सगळे चेहरे समोर होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मला फक्त म्हणायचं होतं की हो, खरं आहे. थोरले माझ्या शेजारी उभे होते. मी खाली पाहिलं. गमत्या काय करेल ते मला कळेना. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू घट्ट झालं होतं. मग त्याने टोपी काढली, कमरेत वाकून लोकांना नमस्कार केला आणि टाळ्या पडल्या.

त्या दुपारी तिने मुलीला फोन लावून घेतला. फोन मी तिच्या कानाशी धरला होता, म्हणून दोन्हीकडचं ऐकलं.

"मला घेऊन जा."

"माझ्याकडे तीन जिने आहेत, आई. तुला उचलून न्यावं लागेल."

"मग उचल."

"काडीच्या मानेने?"

 "कशानेही उचल," ती म्हणाली.

मुलीने नेलं. तीन जिने पाठीवर घेऊन चढली, दोनदा टेकली. तिथेही गोडीगुलाबी काही नाही. चमचा सरळ धर, भात गार आहे, तुझ्या बापाला तरी भरवता येत होतं, असं आईचं चालतं. मग मुलगी चमचा ताटात ठेवते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. भूक लागून आई तोंड उघडेपर्यंत ती मागे वळत नाही. एकदा संध्याकाळपर्यंत वळली नाही. हे मला मुलीनेच सांगितलं, आणि सांगताना तिला वाईट वाटतंय असं दिसलं नाही.

मोसम संपल्यावर मी भेटायला गेले. नोकरी सोडली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. मी पाया पडण्याइतकी वाकले.

"उठ," ती म्हणाली. "त्या दिवशी कुठे उभी होतीस?"

"पंधरा पावलांवर."

"टाळ्या वाजवल्यास?"

"हो."

"आत सगळं ऐकू येत होतं," ती म्हणाली. मग मुलीला मला चहा द्यायला सांगितलं. मी तो प्यायले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

तेवढ्यात गमत्या आला. दर महिन्याला यायचा म्हणे, पण मुलगी उंबऱ्यावरूनच परत पाठवायची. त्या दिवशी आईने आत घे म्हटलं. तो दाढी वाढलेला, वाळलेला वाटला. नेहमीचं काही बोलला नाही. खाली बसला आणि रडायला लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्याचं रडणं ऐकायलाही विचित्र होतं, हसण्याच्या वाटेनेच बाहेर येत होतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू नुसती मागे पडशील."

"पिशवीचं वजन केलं होतंस?" तिने विचारलं. आयुष्यभर त्याला अहो म्हणत आली होती.

"हो."

"किती?"

"अकरा किलो. आधी चौदा भरली होती. जास्त वाटली म्हणून काढली थोडी."

"मग चुकलं कुठे? नीट मोजून बांधलीस की."

तो काहीतरी बोलेल, निदान विनोद करेल, असं मला वाटलं.  पण तो उठला, बाहेर गेला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. मुलीने दार लोटायला हात लावला.

"उघडं राहू दे," ती म्हणाली.

"त्यांना आत बोलवू?"

"नको."

मी निघाले तेव्हा त्याच्या अंगावरून जावं लागलं. त्याने गुडघे आवळून घेतले. आजही तो पहिल्या तारखेला येतो. दार उघडं असतं, आत यायला कुणी सांगत नाही. जिन्याने येणारे जाणारे लोक त्याला ओलांडून जातात, आणि आत ती त्यांचे बूट बघत बसते.